वाचकांचे प्रश्न : संचालक मंडळावरच्या महिलांचं वजन कशावर ठरतं?

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवर महिला आल्याने कारभारात नेमका काय फरक पडतो, याबद्दल बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत. भारतातल्या नियमांचा संदर्भ येतो तिथे कंपनी कायदा २०१३ आणि सेबी या शेअर बाजार नियामक संस्थेचे एलओडीआर नियम (नोंदणीकृत कंपन्यांनी पाळायच्या अटी) अभिप्रेत आहेत.

प्रश्न : महिला संचालक नेमल्या की कंपनीचा नफा वाढतो, असं सतत वाचायला मिळतं. हे खरं आहे का?

उत्तर : इतकं छातीठोकपणे ते सांगता येत नाही. कोरिन पोस्ट आणि क्रिस बायरन यांनी २०१५ साली १४० अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. महिला संचालकांचं प्रमाण आणि हिशेबात दिसणारा नफा यांच्यात किंचित अनुकूल संबंध आढळला. शेअर बाजारातल्या कामगिरीशी मात्र संबंध जवळपास शून्य निघाला. शिवाय दोन गोष्टी बरोबर दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही. मोठ्या, स्थिरस्थावर आणि लोकांच्या नजरेत असलेल्या कंपन्या महिला संचालक लवकर नेमतात. त्यांचा नफा आधीपासूनच बरा असेल, तर त्याचं श्रेय नेमणुकीला कसं देणार?

हा गुंता सोडवायला अभ्यासक नॉर्वेकडे वळले. तिथे कायद्यानेच ४० टक्क्यांची अट घातली, म्हणजे कंपन्यांच्या मर्जीचा प्रश्न उरला नाही. केनेथ अहर्न आणि एमी डिटमार यांनी २०१२ साली मांडलं की या सक्तीमुळे कंपन्यांचं बाजारमूल्य घसरलं. नव्या मंडळांतल्या संचालकांचं वय आणि अनुभव कमी असणं हे त्यांनी त्याचं कारण दिलं. पुढे एस्पेन एक्बो आणि सहकाऱ्यांनी तोच काळ वेगळ्या पद्धतीने तपासला, तेव्हा अशी घसरण ठामपणे दाखवता आली नाही. डेव्हिड मात्सा आणि अमालिया मिलर यांना २०१३ मध्ये तिसरीच बाब दिसली : सक्ती लागू झालेल्या कंपन्यांनी कामगारकपात कमी केली, त्यामुळे पगाराचा खर्च वाढला आणि तेवढ्या काळापुरता नफा कमी झाला. माणसं टिकवण्याचा फायदा पुढे मिळतो की नाही, हे दोन-चार वर्षांच्या आकड्यांत मावत नाही.

म्हणून नफ्याच्या मुद्द्यावर महिला संचालकांची बाजू लढवू नये, असं आमचं मत आहे. तो आधार कच्चा आहे, आणि एखाद्या वर्षी नफा घटला की तोच मुद्दा उलटतो. कारभाराच्या दर्जाचा पुरावा त्याहून भक्कम आहे.

प्रश्न : मग कारभार सुधारतो हे कशावरून म्हणायचं?

उत्तर : या विषयात सर्वाधिक आधार घेतला जातो तो रेनी अ‍ॅडम्स आणि डॅनिएल फरेरा यांच्या २००९ सालच्या अभ्यासाचा. १९९६ ते २००३ या काळातल्या अमेरिकी नोंदणीकृत कंपन्यांची माहिती त्यांनी तपासली. महिला संचालकांची बैठकांना हजेरी पुरुषांपेक्षा चांगली निघाली. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मंडळावर महिलांचं प्रमाण जास्त असेल तिथे पुरुष संचालकांचीही हजेरी सुधारलेली दिसली. लेखापरीक्षण, नामनिर्देशन (संचालकपदासाठी नावं सुचवणं) अशा देखरेखीच्या समित्यांवर महिला अधिक प्रमाणात होत्या. मानधन ठरवणाऱ्या समितीवर मात्र त्या कमी होत्या. आणि जिथे मंडळावर महिला जास्त, तिथे शेअरची कामगिरी खराब झाल्यावर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याला जावं लागण्याची शक्यता वाढलेली होती.

थोडक्यात, मंडळ जास्त जागं राहिलं. पण त्याच अभ्यासाची दुसरी बाजू सहसा कोणी सांगत नाही : कंपनीच्या कामगिरीवरचा सरासरी परिणाम उणे होता. ज्या कंपन्यांचा कारभार आधीच चोख होता तिथे देखरेखीचा आणखी एक थर चढला आणि तो जड गेला. जिथे देखरेख ढिली होती तिथे फायदा झाला. तेव्हा ‘महिला संचालक चांगल्या की वाईट’ असा सरसकट प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. त्या कंपनीत कमतरता कशाची आहे, ते आधी पाहावं.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. स्त्रिया स्वभावतःच अधिक प्रामाणिक किंवा सावध असतात, म्हणून कारभार सुधारतो, ही मांडणी आम्हाला मान्य नाही. संचालकपदापर्यंत पोहोचलेल्या स्त्रिया धोका पत्करण्याच्या बाबतीत सर्वसाधारण स्त्रियांसारख्या असतीलच असं नाही. फरक बऱ्याच अंशी जागेचा असतो. संचालकांची निवड वर्षानुवर्षं एकमेकांच्या ओळखीतून होत आली. त्या वर्तुळाबाहेरून आलेल्या व्यक्तीला अध्यक्षांची मर्जी सांभाळण्याचं ओझं कमी असतं आणि साधा प्रश्न विचारण्याचा संकोचही कमी असतो. बाहेरून आलेला पुरुषही हे करू शकतो, आणि वर्तुळातूनच आलेली स्त्री हे करेलच असं नाही.

प्रश्न : ‘किमान तीन महिला हव्यात’ असं म्हणतात. तीनच का?

उत्तर : समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ साली दाखवलं, की गटात एखाद-दुसरीच व्यक्ती वेगळी असेल तर तिच्याकडे त्या प्रकारच्या सगळ्या माणसांची प्रतिनिधी म्हणून पाहिलं जातं. व्हिकी क्रेमर, अ‍ॅलिसन कोनराड आणि सुमरू एर्कुट यांनी २००६ साली संचालक मंडळांतल्या मुलाखतींवरून हेच पुढे नेलं. महिला एकटी असते तेव्हा तिने खेळत्या भांडवलावर प्रश्न काढला तरी तो ‘महिला संचालकांचा प्रश्न’ ठरतो. दोघी असल्या तर त्यांनी एकमेकींना दुजोरा दिला की ‘यांचं आधीच ठरलं होतं’ अशी कुजबुज होते. तिघी झाल्या की त्यांच्यातच मतभेद दिसू लागतात, आणि मग ऐकणाऱ्याला मुद्द्याकडेच पाहावं लागतं.

तीन हा आकडा मात्र पवित्र मानू नये. सहा जणांच्या मंडळातल्या तिघी आणि पंधरा जणांतल्या तिघी सारख्या नाहीत. पंधरा जणांच्या मंडळात एकच महिला असेल, पण ती लेखापरीक्षण समितीची अध्यक्ष असेल, तर कोणत्याही समितीवर नसलेल्या तिघींपेक्षा तिचं वजन जास्त पडतं.

प्रश्न : वेगवेगळ्या देशांत कायदे काय आहेत? भारतात एकच महिला पुरते का?

उत्तर : नॉर्वेने २००३ साली कायदा केला. आधी कंपन्यांना आपणहून बदलायची संधी दिली. ती वाया गेल्यावर २००६ पासून सक्ती आणली आणि २००८ च्या सुरुवातीपर्यंत मुदत दिली. अट न पाळणारी कंपनी विसर्जित करण्यापर्यंतची शिक्षा होती, त्यामुळे आकडा झपाट्याने गाठला गेला. काही कंपन्यांनी मात्र आपलं स्वरूप बदलून, जिथे ही अट लागू नाही अशा खासगी प्रकारात जाणं पसंत केलं. फ्रान्सने २०११ च्या कायद्याने आधी २० आणि मग ४० टक्के असे दोन टप्पे ठेवले. जर्मनीने २०१६ पासून मोठ्या कंपन्यांच्या पर्यवेक्षक मंडळांवर, म्हणजे व्यवस्थापनावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळांवर, ३० टक्क्यांची अट घातली, आणि ती मोडली तर खुर्ची रिकामीच ठेवायची, असा नियम केला. आम्हाला ही शिक्षा सर्वांत नेमकी वाटते, कारण दंड भागधारकांच्या पैशातून भरता येतो, रिकामी खुर्ची मात्र नेमणाऱ्यांनाच बोचते. युरोपीय संघाच्या २०२२ च्या निर्देशानुसार बिगर-कार्यकारी (रोजच्या कारभारात नसलेल्या) संचालकांत ४० टक्के किंवा एकूण संचालकांत ३३ टक्के हे प्रमाण गाठण्यासाठी ३० जून २०२६ ही मुदत ठेवली गेली. ब्रिटनने कायदा न करता २०११ पासून ऐच्छिक उद्दिष्टांचा मार्ग धरला.

अमेरिकेत उलटं झालं. कॅलिफोर्नियाचा २०१८ चा कायदा मे २०२२ मध्ये तिथल्या न्यायालयाने रद्द केला. नॅसडॅक या शेअर बाजाराचा संचालक मंडळातल्या विविधतेबाबतचा नियमही डिसेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालयात टिकला नाही.

भारतात कलम १४९(१) नुसार प्रत्येक नोंदणीकृत कंपनीत किमान एक महिला संचालक हवी. नोंदणी नसलेल्या सार्वजनिक कंपन्यांपैकी ज्यांचं भरणा झालेलं भांडवल १०० कोटी रुपये किंवा उलाढाल ३०० कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्यांनाही ही अट आहे. पण बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० नोंदणीकृत कंपन्यांत ती महिला ‘स्वतंत्र’ संचालक, म्हणजे प्रवर्तकांशी (कंपनी उभी करून तिचा ताबा राखणाऱ्यांशी) नातं किंवा हितसंबंध नसलेली, असावी लागते. पहिल्या ५०० कंपन्यांना हे १ एप्रिल २०१९ पासून आणि पुढच्या ५०० ना १ एप्रिल २०२० पासून लागू झालं. सेबीने नेमलेल्या उदय कोटक समितीने २०१७ साली केलेल्या शिफारशींतून हा बदल आला. एकच महिला दोन्ही अटी पूर्ण करू शकते. मोठ्या कंपन्यांच्या मंडळावर किमान सहा संचालक लागतात, म्हणजे सहांत एक एवढ्यावर कायद्याचं समाधान होतं. आमच्या मते हे अपुरं आहे.

जागा रिकामी झाली तर सेबीच्या नियमानुसार ती तीन महिन्यांत भरावी लागते. मंडळाची रचना नियमाप्रमाणे नसेल तर शेअर बाजार दर दिवसाला ५,००० रुपये दंड लावतो. मोठ्या कंपनीला ही रक्कम जाणवतही नाही. तिला जाच होतो तो दंडाची बातमी जाहीर होण्याचा.

प्रश्न : प्रवर्तकांच्या घरातलीच महिला संचालक म्हणून नेमली तर नियम पाळला असं होतं का?

उत्तर : ‘महिला संचालक’ ही साधी अट पूर्ण होते. कायदा लागू झाला तेव्हा मुदत १ एप्रिल २०१५ पर्यंत वाढवून मिळाली होती, आणि त्या सुमारास कित्येक कंपन्यांनी पत्नी, मुलगी, सून अशी नावं पुढे केली. ‘स्वतंत्र महिला संचालक’ ही नंतरची अट त्यातूनच आली. स्वतंत्र संचालक प्रवर्तकांची किंवा इतर संचालकांची नातेवाईक असू शकत नाही.

इथे एक बारकावा आहे. कायद्यातल्या नातेवाईकांच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा, सून, मुलगी, जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबाचे सदस्य येतात. मामेबहीण या यादीत नाही. जुनी मैत्रीण नाही, कुटुंबाच्या वकिलांची पत्नीही नाही. कागदावर स्वतंत्र असलेली व्यक्ती प्रत्यक्षात स्वतंत्र आहे का, हे यादीवरून कळत नाही. ते तिच्या समित्या, तिचे प्रश्न आणि तिचा कार्यकाळ यांवरून कळतं.

घरातली महिला नालायकच असते, असं मुळीच नाही. व्यवसाय आतून ओळखणाऱ्या, उत्पादनापासून वसुलीपर्यंत सगळं सांभाळणाऱ्या स्त्रिया अशा कुटुंबांत आहेत, आणि कार्यकारी संचालक म्हणून त्यांचं काम मोलाचं असतं. पण आपल्याच घरावर देखरेख ठेवण्याची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये.

प्रश्न : मी नुकतीच एका नोंदणीकृत कंपनीत स्वतंत्र संचालक झाले आहे, लेखापरीक्षण समितीवरही आहे. बैठकीत सगळं आधीच ठरून आल्यासारखं वाटतं. माझ्या मताचा परिणाम व्हावा म्हणून नेमकं काय करू?

उत्तर : बहुतेक निर्णय बैठकीआधी ठरलेले असतात, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. म्हणून कामाची सुरुवात बैठकीच्या आठवडाभर आधी करा.

पहिली गोष्ट कागदपत्रांची. बैठकीची सूचना किमान सात दिवस आधी मिळायला हवी, आणि सचिवीय मानकानुसार (बैठकांच्या कामकाजासाठी ठरलेल्या नियमांनुसार) अजेंड्यावरची टिपणंही तितक्याच आधी. शेअरच्या किमतीवर परिणाम करणारी अप्रकाशित माहिती असेल तर ती उशिरा देण्याची मुभा असते, आणि तिचा आधार घेऊन बाकीचे कागदही आदल्या रात्री पाठवले जातात. असं झालं तर कंपनी सेक्रेटरींना ईमेलने विचारा, की यातला कोणता विषय त्या मुभेत बसतो. फोनवर विचारू नका. दोन-तीन वेळा लेखी विचारणा झाली की कागद वेळेवर येऊ लागतात, कारण अशा मेलचा माग राहतो, हे सेक्रेटरींना पक्कं ठाऊक असतं.

दुसरी गोष्ट प्रश्नांची. एक विषय जवळून पाहू. समजा, प्रवर्तकांच्या कुटुंबाच्या मालकीचं गोदाम कंपनीने भाड्याने घ्यायचं आहे. हा संबंधित पक्षाशी व्यवहार आहे, आणि लेखापरीक्षण समितीत त्याला मंजुरी फक्त स्वतंत्र संचालकच देऊ शकतात. म्हणजे इथे तुमचं मत निर्णायक आहे. टिपणात लिहिलेलं असतं, ‘भाडं बाजारभावाप्रमाणे, मूल्यांकन अहवाल सोबत.’ बहुतेक सदस्य भाड्याचा दर पाहून पान उलटतात. तुम्ही अनामत रक्कम पाहा. भाडं खरोखरच बाजारभावाचं असतं, पण अनामत तीन वर्षांच्या भाड्याएवढी आणि बिनव्याजी असते. भाड्याच्या नावाखाली ते कंपनीने कुटुंबाला दिलेलं बिनव्याजी कर्जच होतं. मग विचारा : मूल्यांकन करणारा कोणी निवडला? भाड्यात दरवर्षी किती वाढ धरली आहे? कंपनीला मधेच गोदाम सोडायचं झालं तर अनामत किती दिवसांत परत मिळेल? कराराची मुदत संपण्याआधी सोडता न येण्याचा काळ दोन्ही बाजूंना सारखा आहे का? दुसऱ्या कोणाच्या गोदामाचे दर मागवले होते का? सध्याच्या गोदामात जागा नेमकी किती कमी पडते आहे?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत साधा आहे आणि बऱ्याचदा उत्तर त्यालाच नसतं.

हे प्रश्न बैठकीत पहिल्यांदा काढू नका. दोन दिवस आधी समितीच्या अध्यक्षांना आणि मुख्य वित्त अधिकाऱ्यांना पाठवा. उद्देश कोणाला कोंडीत पकडणं हा नाही, करार सुधारून घेणं हा आहे. आधी विचारलं तर अनामत सहा महिन्यांवर आणून नवा मसुदा येतो. बैठकीत अचानक विचारलं तर समोरची व्यक्ती स्वतःचा बचाव करू लागते आणि विषय मानापमानाचा होतो.

तिसरी गोष्ट, बोलण्याआधी इतर स्वतंत्र संचालकांशी संपर्क ठेवा. स्वतंत्र संचालकांची, व्यवस्थापनातलं कोणीही हजर नसलेली बैठक वर्षातून किमान एकदा घ्यावीच लागते. ती दहा मिनिटांत उरकली जाते, तसं होऊ देऊ नका. वर्षातून दोनदा घ्या, म्हणून आग्रह धरा. लेखापरीक्षकांशीही व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत बोलायची वेळ मागून घ्या, आणि त्यांना एकच विचारा : ‘या तिमाहीत कोणत्या नोंदीवर तुमचा आणि व्यवस्थापनाचा सर्वांत जास्त वाद झाला?’

चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे इतिवृत्त, म्हणजे बैठकीची लेखी नोंद. बैठक संपल्यापासून १५ दिवसांत इतिवृत्ताचा मसुदा संचालकांकडे यायला हवा, त्यावर सात दिवसांत हरकती कळवायच्या असतात आणि ३० दिवसांत ते नोंदवहीत चढतं. तुमचा विरोध असेल तर तो नावासह नोंदला गेलाच पाहिजे, कलम ११८ तसं सांगतं. होतं असं, की बैठकीत पाऊण तास वाद झालेला असतो आणि मसुद्यात एकच ओळ येते : ‘सविस्तर चर्चेनंतर ठराव संमत.’ सात दिवसांत गप्प राहिलात तर तीच ओळ कायमची. पुढे चौकशी झाली तर तुमच्या बाजूने बोलणारा कागद हाच. कलम १४९(१२) नुसार स्वतंत्र संचालकावर जबाबदारी येते ती मंडळाच्या कामकाजातून तिला कळलेल्या आणि तिच्या संमतीने किंवा मूक सहमतीने घडलेल्या, किंवा तिने पुरेशी काळजी न घेतल्याने घडलेल्या गोष्टींची. काळजी घेतली होती, हे इतिवृत्तावरून आणि तुमच्या मेलवरून सिद्ध होतं.

बैठकीत एखाद्याने तुमचाच मुद्दा दहा मिनिटांनी आपल्या नावावर मांडला, हा अनुभव अनेकींना येतो. तिथल्या तिथे वाद घालण्यापेक्षा ‘मी मघाशी अनामत रकमेबद्दल जे विचारलं त्याचाच हा पुढचा भाग आहे, इतिवृत्तात दोन्ही एकत्र नोंदवावं’ एवढंच अध्यक्षांना सांगा.

प्रश्न : मंडळावर महिला आहे, पण तिला फक्त सामाजिक दायित्वाच्या समितीवर घेतलं आहे. हे योग्य आहे का?

उत्तर : बेकायदा नाही, पण लक्षण बरं नाही. त्या समितीचं काम मोलाचं आहे, मात्र कंपनीच्या पैशांवर, नेमणुकांवर आणि पगारांवर देखरेख लेखापरीक्षण आणि नामनिर्देशन व मानधन या समित्यांत होते. दोन-तीन वर्षं झाली आणि तिला यांपैकी एकीवरही घेतलं नसेल, तर नेमणूक आकड्यासाठीच झाली असं समजायला हरकत नाही.

प्रश्न : मी किरकोळ भागधारक आहे. वार्षिक अहवाल हातात आल्यावर यातलं काय तपासू?

उत्तर : अहवालातलं ‘कॉर्पोरेट गव्हर्नन्स’ हे प्रकरण उघडा. त्यात प्रत्येक संचालकाची बैठकांतली हजेरी, इतर किती कंपन्यांत आणि समित्यांवर पदं आहेत, संचालकांचं आपापसातलं नातं आणि कोणाकडे कोणतं कौशल्य आहे याचा तक्ता असतो. महिला संचालकाच्या नावासमोरच्या चौकटी पाहा. वित्त, तंत्रज्ञान, उद्योगाचा अनुभव या सगळ्या चौकटी रिकाम्या आणि फक्त ‘नेतृत्व’ या मोघम चौकटीत खूण असेल, तर का, असा प्रश्न पडायला हवा. एका व्यक्तीला सातपेक्षा जास्त नोंदणीकृत कंपन्यांत संचालक राहता येत नाही. सातही भरलेल्या असतील तर तिच्या वेळेचं गणित मांडा : प्रत्येकीच्या वर्षाला किमान चार बैठका, शिवाय समित्या. नॉर्वेत सक्तीनंतर मोजक्याच स्त्रियांकडे अनेक संचालकपदं गोळा झाली, तशी गर्दी कुठेही होऊ शकते.

नंतर मत द्या. स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला सर्वसाधारणपणे विशेष ठराव लागतो, म्हणजे विरोधाच्या किमान तिप्पट मतं बाजूने हवीत. मंडळाने मधेच केलेली नेमणूकही पुढच्या सर्वसाधारण सभेत किंवा तीन महिन्यांत, यांतलं जे आधी येईल तेव्हा, भागधारकांसमोर आणावी लागते. ई-मतदानाला पाच मिनिटं लागतात आणि बहुसंख्य किरकोळ भागधारक ती देत नाहीत.

प्रश्न : बँकेत पतपुरवठा विभागात वीस वर्षांहून अधिक काळ काम केलं आहे. स्वतंत्र संचालक व्हायचं असेल तर वाट कोणती?

उत्तर : इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ कॉर्पोरेट अफेअर्सच्या स्वतंत्र संचालक डेटाबँकेत नाव नोंदवा. नोंदणीनंतर दोन वर्षांत ऑनलाइन स्वमूल्यांकन चाचणी ५० टक्के गुणांनी उत्तीर्ण व्हावी लागते. काही प्रकारच्या पूर्वानुभवाला तिच्यातून सूट आहे. संचालक ओळख क्रमांक म्हणजे डीआयएन लागतो. तुमचा खरा ठेवा मात्र पतपुरवठ्याचा अनुभव आहे. ताळेबंद वाचता येणं आणि कर्ज बुडण्याआधीच्या खुणा ओळखता येणं, हे लेखापरीक्षण समितीला हवंच असतं. परिचयपत्रात पदांची यादी देण्यापेक्षा हे पुढे ठेवा.

देकार आला की लगेच होकार देऊ नका. मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षकांचे अहवाल वाचा. मुदत संपण्याआधी लेखापरीक्षक किंवा मुख्य वित्त अधिकारी बदलले आहेत का, प्रवर्तकांचे किती शेअर्स गहाण आहेत, संचालकांसाठीचा दायित्व विमा आहे का आणि त्याची मर्यादा किती, हे विचारा. आधीच्या स्वतंत्र संचालकाने राजीनामा दिला असेल तर ते पत्र शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर शोधून वाचा. आणि तुमचं नाव कोणी सुचवलं, हे थेट विचारा. नामनिर्देशन समितीने शोध घेऊन सुचवलं असेल तर उत्तम. उत्तर टाळलं गेलं तर पुढे मोकळेपणाने बोलता येईल का, याचा अंदाज तिथेच येतो.

प्रश्न : विरोध नोंदवूनही काही बदलत नसेल तर राजीनामा द्यावा का?

उत्तर : एखाद्या ठरावावर हरणं हे राजीनाम्याचं कारण होऊ शकत नाही. माहिती दडवली जात असेल, इतिवृत्त बदललं जात असेल किंवा लेखापरीक्षकांवर दबाव येत असेल, तर राहण्यात जोखीम आहे. अशा वेळी आधी लेखी हरकत मंडळासमोर ठेवा, ती इतिवृत्तात आली का ते पाहा, आणि मगच पुढचा निर्णय घ्या.

राजीनाम्यात ‘वैयक्तिक कारणास्तव’ लिहू नका. स्वतंत्र संचालकाच्या राजीनाम्याचं पत्र सविस्तर कारणांसह सात दिवसांत शेअर बाजाराकडे जाहीर होतं, आणि याशिवाय दुसरं कोणतंही महत्त्वाचं कारण नाही, अशी हमी तुम्हाला द्यावी लागते. खरं कारण लपवून ही हमी दिली तर ती पुढे तुमच्यावरच उलटेल. आपल्या कार्यकाळात घडलेल्या गोष्टींची जबाबदारी राजीनाम्यानंतरही राहते, त्यामुळे तुम्ही पाठवलेले मेल, तुमच्या हरकती आणि त्यांवर आलेली उत्तरं यांच्या प्रती, गोपनीयतेचे नियम सांभाळून, पद सोडण्याआधीच नीट लावून ठेवा.